गाण्यात नाव आलं की रुसायचं नाही

सोनिवली,
१६ डिसेंबर

ताई,

हे पाकीट उघडताना तू म्हणशील, हिला पत्र कधीपासून सुचायला लागलं. मला नाहीच सुचत. चौथीच्या पोरांना 'मामाला पत्र लिहा' शिकवते, तेवढाच माझा पत्रांशी संबंध. त्यातही आमच्या पाड्यावरचा गोमा दरवेळी विचारतो, "बाई, मामा त बाजूच्याच घरात ऱ्हातो, त्याला पत्र कशाला?" आता त्याला सांगता येईल की जवळच्या माणसाने बोलणं टाकलं की पत्र लिहावं लागतं.

तू मला ब्लॉक केलंस. साईनाथभाऊजींना फोन केला की ते म्हणतात, "झोपलीय ती." सकाळी अकरालाही झोपलीय आणि संध्याकाळी पाचलाही. परवा शहाडला तुझ्या दारापर्यंत आले होते. आतून मिक्सरचा आवाज येत होता. बेल वाजवली तर मिक्सर बंद झाला आणि पुढे कोणीच काही केलं नाही. पाच मिनिटं उभी राहिले आणि परत आले. म्हणून हे पोस्टाने. खरं तर ब्लॉक केलं नसतंस तरी यातलं काही मी फोनवर लिहिलं नसतं. फोनवर टाकलेल्याचं काय होतं ते आपल्या घराने बघितलंय.

तुला निलंबित केल्याचं कमलेशने सांगितलं तेव्हा मी खिचडीचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकत होते. रोज टाकावा लागतो, नाहीतर पोरं जेवली यावर कोणी विश्वास ठेवत नाही. एकोणीस वर्षं नर्सची नोकरी, त्यात कोरोनातली दोन, आजवर एक मेमो नाही, आणि निलंबन कशासाठी, तर सख्ख्या भावाच्या, आपल्या कमलेशच्याच हळदीला गाणं म्हटल्यासाठी. मला आधी हसूच आलं. मग कमलेश म्हणाला, "हसतेस काय, सहीशिक्क्याची ऑर्डर आलीय."

गाण्यासाठी नाही म्हणे, ते इन्स्टाग्रामवर फिरलं यासाठी. जुलैतलं ते परिपत्रक. सरकारी नोकराने समाजमाध्यमांवर सरकारवर, आपल्या कार्यालयावर टीका करायची नाही. आमच्या केंद्रप्रमुखांनीही ते ग्रुपवर टाकलं होतं आणि खाली प्रत्येकाने 'वाचले, पालन करू' असं लिहायचं होतं. मी लिहिलं आणि पुढे जोडलेले हातही टाकले. पण तुझं तर कुठे खातंच नाही. तुझ्या फोनची काच दोन वर्षं फुटलेली आहे.

तुझ्या नोटिशीची प्रत कमलेशने मला दाखवली. टाइप केलेला धवळा, मांडवात म्हणायचं लग्नाचं गाणं, मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. आईने एवढी लग्नं गाऊन लावली, पण कधी वही केली नाही, सगळे तोंडपाठ. आणि इथे क्रमांक घालून:

दवाखान्यान आमचे गो, एक खाट दोघी जनी,
एकीला कला येतान गो, दुसरी मांगं पानी.
पंखा नाय फिरत गो, नल नाय गलत गो,
सायब फिरतंय फोटोला, हार त्याचे गल्यान गो.

आणि खाली: 'ओळ क्र. ४ मधील सायब हा शब्द कोणास उद्देशून आहे, याचा सात दिवसांत खुलासा करावा.'

किती सुंदर म्हटलंस तू त्या दिवशी. आईला दम लागला म्हणून तिने दोन ओळींनंतर तुझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तू तिच्याच सुरात उचललंस. आधी कमलेशची दाढी गाण्यात घेतलीस, मग काकांची न चालणारी बुलेट. ज्याचं नाव आलं तो उठून आईच्या ओटीत सुपारी टाकून गेला. आईचा नियमच आहे तो, गाण्यात नाव आलं की रुसायचं नाही, सुपारी टाकायची आणि हसायचं. मग शेजारच्या वेणूबाई म्हणाल्या, "आता तुजे दवाखान्याचा गा की," आणि तू गायलीस. तोवर त्या मांडवात बायकांशिवाय कोणी उरलं नव्हतं.

व्हिडिओ मी काढला हे तुला माहीत आहे, माझ्याकडे बघूनच गात होतीस. पण मी तो फक्त घरच्या ग्रुपवर टाकला गं. तिथून कोणी बाहेर नेला देव जाणे. जिज्ञासाच्या माहेरचे आहेत, कमलेशचे मित्र आहेत. आपली नवी वहिनी चांगली आहे, पण तिच्या भावांचं मला सांगता येत नाही.

खुलाशात लिही की हे कुठल्याही दवाखान्याचं गाणं आहे, तुमच्या नाही. साहेब म्हणजे कोणीही साहेब. एवढं धरून ठेवलंस तर ते काही करू शकत नाहीत, असं आमच्या संघटनेचे वकील म्हणाले.

तुझी,
नेत्रा

*

शिरगाव,
२९ डिसेंबर

ताई,

तुझ्या कानावर गेलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐक.

आईचा हट्ट होता. निलंबनाचं ऐकल्यापासून ती एकच म्हणत होती, "सायबाला कोनी सुपारी सांगितलीच नाय, म्हनून तो रुसलाय." मी समजावलं, आई, ऑफिसात असं नसतं. ऐकेना. शनिवारी हिरवं लुगडं नेसली, नाकात नथ, बटव्यात सुपारी आणि खोबऱ्याची वाटी. मला म्हणाली, "चल." एकटीला कशी सोडू? रिक्षात दमा उसळला तर पंप कोण देणार?

तुझ्या ऑफिसात गेलो. साहेब वाईट माणूस नाही ताई. उलट वाईट असता तर बरं झालं असतं, आई तिथेच दोन शिव्या देऊन बाहेर पडली असती. तो उठून उभा राहिला. "बसा आजी," म्हणाला, चहा मागवला. आई खूश. तिने सुपारी काढून त्याच्या टेबलावरच्या काचेवर ठेवली आणि म्हणाली, "सायेब, गान्यान नाव आला का रुसाचा नसतं. सुपारी तुमी आनाची, पन तुमाला कोनी सांगितला नाय, म्हनून मीच आनली. आता हसा आनि माजे पोरीला कामाव घ्या."

साहेब खरंच हसला. मग हळूच विचारलं, "म्हणजे आजी, गाण्यातला साहेब मीच?"

"तर! दुसरा कोन? हार घालून फोटो काराला तुमीच येता ना?"

"आणि दवाखाना आपलाच?"

"आपलाच त. माजी पोर दुसरीकर कंदी गेलीच नाय."

त्याने कारकुनाला आत बोलावलं आणि म्हणाला, आजी जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहून घ्या. आईला वाटलं तिचा मान होतोय. तिने पुन्हा सगळं सांगितलं, वर एक कडवं म्हणून दाखवलं. अंगठा लावला. खाली साक्षीदाराची सही लागते, तर आमच्यातली सही येणारी मी एकटीच होते.

मी केली. नाही कशी म्हणणार होते? सगळे माझ्याकडे बघत होते आणि आई चहाच्या बशीत बिस्किट बुडवत होती.

घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "बग, झाला काम. शिकलेली तुमी, पन मानसात जावाला शिकला नाय." तुझ्या खुलाशावर पाणी पडलं हे मला तेव्हाच कळलं होतं.

आईला अजून माहीत नाही. तूही सांगू नकोस.

नेत्रा

*

सोनिवली,
१३ फेब्रुवारी

ताई,

काल चौकशीच्या खोलीतून बाहेर पडल्यावर फाटकाशी तू मला एकच विचारलंस, "आईचा दमा कसाय?" मी म्हटलं, "बरा आहे." आणि तू रिक्षात बसून गेलीस. त्यापेक्षा चारचौघांत माझ्या कानाखाली वाजवली असतीस तर मी आज जेवले असते.

कारकुनाच्या लॅपटॉपवर त्यांनी तो व्हिडिओ लावला. अठ्ठेचाळीस सेकंद. आधी तुझा आवाज, मग बायकांचा, आणि शेवटी फोन हलतो आणि अगदी जवळून कोणीतरी हसतं. चौकशी अधिकाऱ्यांनी तिथे थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. ते हसणं त्या खोलीत तीनदा वाजलं. बाबा म्हणायचे, नेत्रा हसली की पाण्याची मोटर कोरडी सुरू झाल्यासारखी वाटते. शिरगावच्या आपल्या गल्लीत कोणालाही झोपेतून उठवून विचार, सांगेल कोणाचं हसणं ते.

"जी हसतेय तिनेच व्हिडिओ काढलाय. हे हसणं कोणाचं?"

त्यांनी आधी वाचून दाखवलं की हाच प्रश्न तुला तीन वेळा विचारला आणि तिन्ही वेळा तू उत्तर दिलंस, 'हळदीला सगळ्याच बायका हसतात.' मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही शिक्षिका आहात, खरं सांगाल अशी अपेक्षा आहे." तू टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होतीस.

मी म्हटलं, "ओळखता येत नाही."

तेवढंच बोलले मी पूर्ण चौकशीत. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. हल्ली मी सगळ्यावर सही करते.

माझं नाव सांगितलं असतंस तर तुझ्यावरचा अर्धा ठपका उतरला असता. ते तू प्रसिद्ध केलं नाहीस, तुला माहीतही नव्हतं, एवढं सिद्ध झालं असतं. म्हणून विचारत होते ते. तुला हे माझ्याआधी कळलं होतं, आणि तू बोलली नाहीस.

ताई, पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं, तुला खरं माहीत असूनही. ग्रुपवर नाही टाकलं मी. इन्स्टाग्रामवर टाकलं. शाळेचे उपक्रम टाकायला मी ते खातं उघडलं होतं, पोरांचे भेंडीचे ठसे, कागदाची फुलपाखरं. दोनशे बारा लोक होते आणि त्यातले निम्मे शिक्षकच. तुझं गाणं टाकलं आणि वर लिहिलं, 'माझी ताई, सरकारी दवाखान्यात नर्स, अशी गाते.' मला अभिमान वाटला होता. हे तरी खरं मान.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला, "नेत्रा, काढ ते, आत्ता काढ, वॉर्डात सगळे बघतायत." मी म्हटलं, "हो, काढते." आणि काढलं नाही. तेव्हा आकडा चाळीस हजारांवर गेला होता. मी शाळेत, नेटवर्कसाठी टाकीच्या कट्ट्यावर चढून दर दहा मिनिटांनी बघत होते. साठ हजार. पंच्याऐंशी. मला आयुष्यात कोणी इतकं बघितलं नव्हतं, आणि ते मला बघतच नव्हते, तुला बघत होते, तरी मला ते माझंच वाटत होतं. लहानपणापासून गाणं तुला आणि टाळ्या तुला. मी काय, पाटावर बसून हळदीची भांडी विसळणारी. तुझ्या फोननंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढलं, खातंच पुसून टाकलं, पण तोवर बातम्यांच्या कुठल्या तरी पानाने ते उचलून स्वतःच्या नावाने लावलं होतं. म्हणून ऑफिसला माझं नाव सापडत नाही.

जयदेवची कंपनी बंद झाली, नवरा घरी बसला, तेव्हापासून घर माझ्या नोकरीवर चालतं, हे कारण मी स्वतःला रोज देते. तुला देणार नाही.

पुढच्या सुनावणीला मी खरं सांगेन. नक्की सांगेन.

नेत्रा

*

सोनिवली,
२२ एप्रिल

ताई,

पुढची सुनावणी झालीच नाही. माफीनामा दिला तर प्रकरण मिटवू, असा निरोप आला, आणि तू 'हो' म्हणालीस हे भाऊजींनी सांगितलं. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

टाइप करून आणायला भाऊजींबरोबर मीच गेले होते, ते तुला त्यांनी सांगितलं नसेल. शुद्धलेखन तपासायला बाई बरोबर असलेली बरी, म्हणाले. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये त्या सिंधी काकांच्या दुकानात गेलो. त्यांनी विचारलं, "किसका है, सरकारी?" भाऊजी हो म्हणाले. "फेसबुक?" भाऊजी म्हणाले, "गाना." काकांनी चष्मा वर केला. "मॅटर तैयार है भाऊ, इस महिने का चौथा है. सिर्फ नाम बोलो." त्यांच्या कॉम्प्युटरवर मजकूर होताच, 'मी यापुढे सार्वजनिक प्रसंगी कोणत्याही प्रकारचे लेखन, भाषण वा प्रसारण करणार नाही.' काका म्हणाले, "इसमें गायन नहीं है. डाल देता हूँ, वो लोग खुश हो जाएँगे." आणि टाकलं. मग स्वतःच्या मनाने 'सार्वजनिक' पुढे 'खाजगी, कौटुंबिक व धार्मिक'ही टाकलं. मदत करत होते बिचारे. वरून चहा पाजला.

ऑफिसने 'गायन' मागितलंच नव्हतं, ताई. मी वाचलं. दोनदा वाचलं. 'मलिन'ची वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करायला लावली. 'गायन' तसंच राहू दिलं, कारण काढायला सांगितलं असतं तर पुन्हा प्रिंट, पुन्हा बोलणं, आणि मला ते सगळं एकदाचं संपायला हवं होतं.

एक वेतनवाढ रोखून तुला कामावर घेतलं. सगळे म्हणतात, सुटली बाई थोडक्यात.

नेत्रा

*

शिरगाव,
२ जुलै

ताई,

आईचं तेरावं झालं आणि तू शेवटची पंगत उठायच्या आत निघून गेलीस. जिज्ञासा तुझ्यासाठी डबा भरत होती. मी तिला म्हटलं, राहू दे, तिची ड्युटी असेल.

आईला दम्याने तुझ्याच वॉर्डात ठेवलं होतं तेव्हा आपण दोघी तिच्याजवळ होतो, आणि तिथे काय झालं ते आपण दोघींशिवाय कोणाला माहीत नाही, म्हणून मला ते एकदा लिहू दे.

बुधवारी दुपारी आईला जरा हुशारी आली होती. तू युनिफॉर्ममध्ये, तिचं सलाईन बघत होतीस. तिने मास्क बाजूला केला आणि म्हणाली, "प्रगती, येक धवला म्हन गो." तू म्हणालीस, "आई, ड्युटीवर आहे मी." बाजूच्या खाटेवरच्या बाईंचा नवरा फोनवर मोठ्याने काहीतरी बघत बसला होता. तुझी नजर त्या फोनवर गेली ते मी बघितलं. आई म्हणाली, "बरा. सुटलीस का म्हन."

चार वाजता तुझी ड्युटी संपली. कपडे बदलून तू स्टुलावर येऊन बसलीस. आईने पुन्हा मागितलं. तू बराच वेळ तिच्या हातावरची चिकटपट्टी सारखी करत राहिलीस. मग म्हणालीस, "आई, मी लिहून दिलंय. गाणार नाही म्हणून."

आईला कळेना. "कोनाला लिवून दिलास?"

"सरकारला."

तिने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सरकारला? पन गला त तुजा हाय ना गो?"

मला ते सहन झालं नाही आणि मी सुरू केलं, आईचाच, मांडवाची मेढ रोवतानाचा धवळा. एक ओळ झाली असेल. आईने डोळे मिटूनच हात वर केला आणि म्हणाली, "नेत्रा, तू नको गो."

लहानपणी म्हणायची तसंच. तू खिडकीकडे तोंड फिरवलंस आणि तुझे खांदे हलायला लागले. हसलीस की रडलीस ते मला कळलं नाही. माझी हिंमत झाली नाही पुढे येऊन बघायची. गुरुवारी सकाळी आई गेली. अख्ख्या तालुक्यात जिने लोकांची लग्नं गाऊन लावली, तिला जाताना कानात एक ओळ मिळाली आणि तीही बेसूर.

अजून एक. साहेबाकडे सुपारी घेऊन जायचा हट्ट आईचा नव्हता, माझा होता. ती मला रोज विचारायची, "ता फोनाव टाकला कोनी गो?" रोज. मला उत्तर द्यायचं नव्हतं. म्हणून मीच तिच्या डोक्यात घातलं की साहेब रुसलाय, सुपारी नेऊ. ती नको म्हणत होती. म्हणाली, "मानूस मांडवान आला नाय, त्याला गान्याचा नियम कसा लागल?" तिला कळत होतं, ताई. मी लुगडं काढून दिलं.

नेत्रा

*

सोनिवली,
९ सप्टेंबर

ताई,

सोबत एका पत्राची झेरॉक्स आहे. गेल्या महिन्यात मी तुझ्या ऑफिसला आणि माझ्या ऑफिसला रजिस्टर पोस्टाने लिहून कळवलं, की व्हिडिओ मी काढला, मी प्रसिद्ध केला, साक्ष मी खोटी दिली, माझ्यावर कारवाई व्हावी आणि ताईची वेतनवाढ परत मिळावी. जयदेवला सांगितलं होतं. तो म्हणाला, दे पाठवून. शाळेच्या कपाटाच्या चाव्या मी रजिस्टरवर नोंद करून तयार ठेवल्या होत्या. वर्गातल्या चिमीला सांगून ठेवलं होतं, मी नसले तर नवीन बाईंना त्रास द्यायचा नाही.

उत्तर आलं ते जोडलंय. 'सदर प्रकरण यापूर्वीच बंद करण्यात आले असल्याने आपला अर्ज दफ्तरी दाखल करण्यात येत आहे.' माझ्या ऑफिसने तर तेही नाही कळवलं. केंद्रप्रमुख भेटले तेव्हा म्हणाले, "मॅडम, मिटलेलं कशाला उकरता? खिचडीचे फोटो वेळेवर टाका."

कोणी रागावलंसुद्धा नाही.

नेत्रा

*

सोनिवली,
१ डिसेंबर

ताई,

काल वेणूबाईंच्या उन्नतीच्या हळदीला तू येशील असं मला वाटलं नव्हतं. आलीस, आणि पदर खोचून सरळ पाट्याजवळ जाऊन बसलीस. तिथे मी आधीच बसलेली होते. वर्षभरात आपण दोघी पहिल्यांदा एका पाट्याशी होतो. तू वाटत होतीस, मी पाणी घालत होते.

बायकांनी तुला म्हटलंच. "तुजी आई मोतीबाई गेली, आता तूच गो." तू मान हलवलीस. वेणूबाईंनी सगळ्यांचे फोन गोळा करून पिठाच्या डब्यात ठेवते म्हणून सांगितलं, डबा उघडून दाखवला. तू परत मान हलवलीस. मग त्यांनीही जास्त ताणलं नाही, सुस्कारा टाकला आणि बाहेर डीजेवाल्याला म्हणाल्या, "लाव रं तुजाच."

पहिल्या दोन ओळी होईपर्यंत मलाही कळलं नाही, आवाजाखाली डीजेचा ढोल फार जोरात होता. मग कळलं. दवाखान्यान आमचे गो. अंबरनाथपासून वांगणीपर्यंत या सीझनला प्रत्येक हळदीत तेच वाजतंय, म्हणे. पेनड्राइव्हवर मिळतं. कुठल्या नर्सने म्हटलं, तिचं पुढे काय झालं, हे वाजवणाऱ्याला माहीत नाही आणि नाचणाऱ्यालाही नाही. पोरी नाचत होत्या, उन्नती हळदीच्या अंगाने नाचत होती. तुझा आवाज मांडवात भरून राहिला होता आणि तू ओठ घट्ट मिटून वरवंटा पुढेमागे करत होतीस. ज्यांनी तुझ्याकडून लिहून घेतलं, त्यांना याचं काहीच करता आलं नाही. थांबलीस ती फक्त तू.

आणि शेवटी ते हसणं. त्यांनी ते कापून चार वेळा जोडलंय. त्यावर पोरं शिट्ट्या मारतात.

तू वरवंटा थांबवलास. माझ्याकडे बघितलंस. वर्षभर ज्या नजरेची मी वाट बघत होते ती हीच की दुसरी, मला सांगता येणार नाही. वाकून माझ्या कानाशी आलीस आणि विचारलंस, "हे हसणं कोणाचं गो?"

त्या खोलीत त्यांनी विचारलं होतं तेच शब्द. उत्तर तुला ठाऊक होतं, चौकशीच्या दिवसापासून, त्याच्याही आधीपासून. तुला ते माझ्या तोंडून हवं होतं, आपल्या बायकांत, आई गायची तशा मांडवात.

मी म्हटलं, "माझं."

तू कपाळाला आठी घालून कान पुढे केलास. डीजेवाल्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं. मी ओरडून म्हटलं, "माझं, ताई, माझं." समोरून वेणूबाईंनी हाताने विचारलं, काय म्हणतेस. तू थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिलीस, मग मान खाली घालून पुन्हा हळद वाटायला लागलीस. तुला ऐकू गेलं की नाही ते मला कळलं नाही. कसं जाणार, तुझाच आवाज एवढा मोठा लावला होता.

म्हणून लिहून पाठवते. हसणं माझं होतं. पाकिटात एक सुपारी आहे, ती ओटीत घे किंवा फेकून दे.

नेत्रा